घरच्या स्टुडिओत गायन रेकॉर्ड करताना गेन आणि अंतर

घरी गायन रेकॉर्ड करताना गेन (मायक्रोफोनचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण) ठरवावा तो गाण्यातील सर्वांत जोरकस ओळ पूर्ण ताकदीने गाऊन, कारण हलक्या आवाजात तपासलेली पातळी तार सप्तकात हमखास फाटते. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये पातळी दाखवणारा मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास (शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा) पोहोचला तरी पुरेसे असते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा, मायक्रोफोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवून मध्ये पॉप फिल्टर (तोंडातून येणारे हवेचे झोत अडवणारी जाळी) लावावा. याहून फार जवळ गेल्यास खर्ज अकारण फुगतो, तर दूर गेल्यास खोलीचा घुमारा आवाजात असा मिसळतो की मिक्सिंग करताना इक्वलायझरने (ठरावीक स्वरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) तो वेगळा काढता येत नाही; माझ्या मते घरगुती रेकॉर्डिंग बहुधा इथेच बिघडते. मायक्रोफोन ज्या दिशेला तोंड करून असतो, त्या दिशेला, म्हणजे गायकाच्या पाठीमागे, जाड रजई टांगल्यास हा घुमारा बराच कमी होतो.