सायबर फसवणूक झाली? मग निदान या चुका तरी टाळा

मी जिल्हा कोर्टात वकिली करतो. हल्ली जमिनीच्या वादांच्या बरोबरीनं माझ्याकडे ऑनलाइन फसवणुकीची माणसं येतात, आणि प्रत्येक वेळी नुकसान दोन प्रकारचं असतं. एक चोरानं केलेलं, आणि दुसरं त्यानंतर घाबरून, घाईत, कुणीतरी सांगितलं म्हणून आपणच करून घेतलेलं. पहिल्याला इलाज थोडा आहे, पण दुसरं टाळणं पूर्ण आपल्या हातात असतं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक: फोन फॉरमॅट करणं

आमच्याच तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक. त्यांना व्हॉट्सअॅपवर एका जुन्या सहकाऱ्याच्या नंबरवरून मेसेज आला, तुमच्या गाडीचं चलन थकलंय, खाली फाईल आहे ती उघडा. फाईल एपीके होती, म्हणजे फोटो किंवा पीडीएफ नव्हे, चक्क अॅप. गुरुजींनी उघडली, समोर जे जे आलं त्याला अलाऊ करत गेले, त्यात मेसेज वाचायची परवानगीही देऊन बसले. काही दिसलं नाही म्हणून विसरून गेले. रात्री झोपेत असताना खात्यातून थोडे थोडे करत पेन्शनचे साठवलेले पैसे गेले. ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता, सांगायला कुणाचा फोनच आला नव्हता, ते अॅपच आलेले ओटीपी वाचून पुढे पाठवत होतं.

सकाळी भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे, घरात मोबाईलमधलं सगळं त्यालाच विचारतात. त्यानं आल्या आल्या फोन फॅक्टरी रीसेट केला, "व्हायरस गेला मामा, आता टेन्शन घेऊ नका." चोरी झालेल्या घराची फरशी पोलीस यायच्या आत फिनाईलनं पुसून काढावी तसलाच हा प्रकार. अॅप गेलं, एसएमएस गेले, चॅट गेलं, बॅकअप चालू नव्हता. उरला तो रीसेटच्या आधी भाच्यानं काढलेला एक स्क्रीनशॉट, तोही कापलेला, वर तारीख नाही, नंबरच्या जागी फक्त सेव्ह केलेलं नाव, आणि भरीस भर म्हणून फाईलभोवती लाल गोल काढलेला.

मग बँकेनं काय म्हणावं? ओटीपी तुमच्याच फोनवर गेलाय, म्हणजे तुम्हीच दिला असणार. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकलीय, ते पत्र आम्ही दाखवलं, पण आमच्या हातात दाखवायला अॅपच नव्हतं. शेवटी त्या सहकाऱ्याकडे गेलो. त्यांचाही फोन तसाच फसलेला, ती फाईल त्यांच्या फोनमधून आपोआप सगळ्यांना गेलेली, आणि नशिबानं त्यांनी काहीच पुसलं नव्हतं. मूळ मेसेज, वेळ, फाईल सगळं जागेवर. आज जो काही अर्ज चालू आहे तो त्या दुसऱ्या फोनच्या जोरावर चालू आहे. भाच्याला मी रागावलो नाही, पोरगा मदतीलाच आला होता, पण "मला कळतं यातलं" म्हणणारी पोरं घाईघाईत जे करून ठेवतात ते निस्तरायला महिने जातात हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

माझी पद्धत साधी आहे. फोनमध्ये असलं अॅप गेलंय असा संशय आला की फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, वायफाय बंद, सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालायचं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्याच्या फोनवरून. संशयातला फोन तसाच बाजूला ठेवायचा, चार्ज करून, काहीही न पुसता. पोलिसांनी मागितला तर द्यायचा, पण पंचनाम्याची प्रत घ्यायची. पंधरा दिवस साध्या फोनवर काढायला लागले तरी चालतील.

स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे

हे समजवायला मी नेहमी जालन्याची केस सांगतो, कारण सुप्रीम कोर्टाचा यावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या मराठवाड्यातून गेलाय. २०१४ ची विधानसभा, जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले आणि कोर्टात गेले. म्हणणं असं की खोतकरांचा अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी ३ ची वेळ उलटून गेल्यावर घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते, त्याचं रेकॉर्डिंग सीडीवर मिळालं, पण त्या सीडीसोबत कायद्याला लागणारं सर्टिफिकेट, म्हणजे रेकॉर्डिंग कुठल्या यंत्रातून कसं निघालं ते लिहून देणारा दाखला, अधिकारी देईनात. मागून मागून दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली, प्रकरण दिल्लीला गेलं, आणि १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं कायमचं सांगून टाकलं: इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी देणार असाल तर सर्टिफिकेट लागणारच, मूळ यंत्रच कोर्टात आणून मालक साक्षीला उभा राहिला तर लागत नाही. आणि तुम्ही सगळे प्रयत्न करूनही समोरचा सर्टिफिकेट देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट ते मागवेल. गोरंट्यालांनी सगळे प्रयत्न केले होते म्हणून त्यांचं निभावलं आणि हायकोर्टाचा निकाल टिकला.

आता बघा, आमदारकीच्या केसमध्ये, सरकारी कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवर एवढी घासाघीस होते, तर तुमच्या कापलेल्या स्क्रीनशॉटचं काय होईल. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय, त्यात सर्टिफिकेटचे दोन भाग, एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, एक तज्ज्ञानं, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाईलवरून निघणारा एक लांबलचक आकडा, फाईलमध्ये एक अक्षर जरी इकडचं तिकडं झालं तरी तो बदलतो. म्हणून लाल गोल काढू नका. क्रॉप करू नका. फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरवून तीच कॉपी वकिलाला देऊ नका, व्हॉट्सअॅप ती दाबून लहान करतं आणि मूळ फाईलची माहिती त्यात उरत नाही.

मी काय करायला लावतो ते सांगतो. दुसऱ्या एका फोननं व्हिडिओ काढा, पहिल्या फोनचा स्क्रीन दिसेल असा, आधी समोरच्याची प्रोफाईल उघडून पूर्ण नंबर दाखवा, मग चॅट पहिल्यापासून खाली सरकवत न्या, मध्ये कुठे थांबवू नका. टेलिग्राम असेल तर हे लगेच करा, तिथं समोरचा माणूस दोघांच्याही बाजूचं चॅट उडवू शकतो. मग चॅट एक्स्पोर्ट करा. आणि तुमचा मूळ फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, केस संपेपर्यंत तो कपाटात राहू द्या.

आधी १९३०, बाकी सगळं नंतर

पैसे गेले की लोक आधी बायकोला सांगू की नको यात तास घालवतात, मग गूगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधतात (तो नंबरही चोरांनीच टाकलेला असू शकतो, तिथं दुसऱ्यांदा लुटले गेलेले लोक मी बघितलेत), मग दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन मॅनेजरची वाट बघत बसतात, आणि तिसऱ्या दिवशी पोलीस स्टेशन. तोवर पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाच, तिथून एटीएममधून किंवा क्रिप्टोतून बाहेर. १९३० या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन केला की ज्या खात्यात पैसा सध्या पडलाय तिथं तो रोखून धरायची यंत्रणा हलते, आणि ती यंत्रणा पैसा खात्यात असेपर्यंतच कामाची. म्हणून जेवण अर्धवट टाकून फोन लावा. लागत नसेल तर लावत राहा, आणि दुसऱ्यानं तोवर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरायला घ्यावी.

हाताशी काय लागतं: खातं नंबर, रक्कम, तारीख-वेळ, आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर म्हणजे व्यवहार क्रमांक, यूपीआयचा तो १२ आकड्यांचा असतो, अॅपच्या हिस्टरीत मिळतो. मी हे कागदावर पेननं लिहायला लावतो, कारण घाबरलेल्या माणसाला फोनवर बोलता बोलता त्याच फोनमध्ये नंबर शोधता येत नाही. सोबतच बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. ग्राहकाची चूक असली तरी कळवल्यानंतर जे पुढे जाईल ते बँकेच्या माथी, आणि चूक ना तुमची ना बँकेची असेल तर ३ कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याची जबाबदारी शून्य, हे त्याच २०१७ च्या परिपत्रकात आहे.

आणि पोर्टलचा नंबर मिळाला म्हणजे एफआयआर झाली असं समजून घरी बसू नका. ठाण्यात जा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं कुणी म्हणालं तर शांतपणे कलम १७३ सांगा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठंही घडलेला असो माहिती नोंदवून घ्यावीच लागते. नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी, स्पीड पोस्टानं.

"मी तर नुसतं खातं दिलं होतं"

यावर माझं मत कडक आहे. कॉलेजमधल्या पोराला कुणीतरी म्हणतं, तुझं खातं आणि सिम महिनाभर दे, येईल त्याच्यावर टक्केवारी. पोरगा देतो. मग गुरुजींसारख्यांचे पैसे त्या खात्यातून फिरतात आणि परराज्यातले पोलीस दारात उभे राहतात. आईवडील माझ्यापुढे रडतात, म्हणतात त्याला काही माहीत नव्हतं, तोही फसलाच ना. यावर घराघरात वाद होतात आणि मला दोन्ही बाजू कळतात, वीस वर्षांच्या पोराला टोळीच्या म्होरक्याच्या शेजारी बसवणं न्यायाचं नाही, आणि म्होरक्या बहुतेक वेळा सापडतच नाही हेही खरं. पण काही न करता पैसे येतात तेव्हा ते कुणाचे असा प्रश्न त्याला पडायला हवा होता, आणि तो पडला होता, फक्त त्यानं विचारला नाही. असं काही झालं असेल तर चूक वाढवू नका, खातं रिकामं करून पळू नका, चॅट पुसू नका. कुणी, कधी, काय सांगून खातं घेतलं ते सगळं घेऊन वकिलासोबत स्वतः ठाण्यात जा. पुसलेलं चॅट पोराविरुद्ध जातं.

बाकीच्या चुका भराभर सांगतो

व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. "डिजिटल अरेस्ट" नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही, फोन ठेवा.

गेलेले पैसे परत मिळवून देतो म्हणून फी मागणारा हॅकर, एजंट, "सायबर सेलमधला ओळखीचा", सगळे चोर.

अश्लील व्हिडिओची धमकी आली तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. आणि पुरावा म्हणून तो व्हिडिओ नातेवाइकांना पाठवू नका, पाठवणं हाच आयटी कायद्यात गुन्हा आहे. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा, २०२१ च्या नियमांत असला मजकूर काढायला २४ तास होते, फेब्रुवारी २०२६ पासून ते २ तास झालेत. ज्या मुलीचा फोटो आहे तिला "काढलाच कशाला" विचारणारे नातेवाईक मला चोरांइतकेच नकोसे वाटतात.

नेटवरून उचललेला तक्रारीचा नमुना वापरू नका. त्यात अजून आयटी कायद्याचं कलम ६६ए असतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यानंतर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला ते कलमच रद्द झालं. कलमं लिहायची गरजच नाही, काय घडलं ते तारीखवार लिहा.

संशयित म्हणून कुणाचाही फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. खातं ज्याच्या नावावर आहे तो चोर असेलच असं नाही.

रक्कम फुगवून सांगू नका, स्टेटमेंटशी जुळली नाही की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

आणि पैसे रोखले गेले असतील तर ते आपोआप परत येतीलच असं नाही, हे फार जणांना माहीतच नसतं, लोक वर्षभर वाट बघत बसतात. तपास अधिकाऱ्याकडून कुठल्या बँकेत किती रोखलेत ते लिहून घ्या आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४५७ तेच हे. बँकेविरुद्ध भरपाई हवी असेल तर राज्याच्या आयटी सचिवांकडे आयटी कायद्याखाली ५ कोटींपर्यंतचा दावा करता येतो. अर्जासोबत बँक स्टेटमेंट, पोर्टलची पावती, एफआयआरची प्रत लावा, आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा.