जुन्या पैशावरची खोट: टाकसाळीतली की नंतरची?

जालना, नांदेड, संभाजीनगरकडच्या आठवडी बाजारात जुन्या वस्तूंच्या पथारीवर तांब्या-काशाचे पैसे अजून सापडतात. पंचम जॉर्जचा पाव आणा, 1943 ते 47 चा भोकाचा पैसा, निजामाची दोन पै, 1957 पासूनचा नया पैसा. ‘एरर पीस’ म्हणजे टाकसाळीतच चूक होऊन निघालेलं नाणं, म्हणून दाखवलेल्या बहुतेक नाण्यांवर मात्र खोट नसते, नुसता मार असतो.

आधी शिवराई आणि ढब्बू पैसे बाजूला काढा. ते हातोड्याने पाडलेले. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे अक्षरं कडेबाहेर जाणं तिथे नेहमीचंच. त्याला कुणी जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका. खोट शोधायची ती यंत्रावर पाडलेल्या नाण्यांत.

साहित्य थोडंच लागतं: दहापट भिंग, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा, व्यास मोजायला व्हर्निअर आणि एक टेबललॅम्प. नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. घासलं की पुरावाच जातो.

आधी वजन घ्या. जॉर्जचा पाव आणा 4.86 ग्रॅम, 25.4 मिमी. भोकाचा पैसा 2 ग्रॅम. काशाचा नया पैसा 1.5 ग्रॅम, 16 मिमी. झिजेने थोडी घट चालते. वजन बरंच कमी आणि दोन्ही बाजू सारख्याच बुळबुळीत असतील तर नाणं आम्लात टाकलेलं किंवा जमिनीत पुरलेलं समजा.

मग दिवा बाजूने, अगदी आडवा धरा. रेघ दिसली तर ती उंच आहे की खोल, ते पाहा. डायला, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या ठशाला, तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उठते. खोल रेघ म्हणजे ओरखडा. अक्षर गायब असेल तर आजूबाजूला पाहा: राजाचा गाल, दाढी असे उंच भाग शाबूत असूनही एखादंच अक्षर पुसट असेल, तर डायच्या खाचेत वंगण-कचरा भरलेला होता. उंच भाग आधी गेले असतील तर ती निव्वळ झीज.

कड तुटल्यासारखी दिसते तिथे फसवणूक जास्त. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पुन्हा पंच पडला की चंद्रकोरीसारखा तुकडा कमी येतो. अशा नाण्यात कापाच्या बरोबर समोरची किनार बहुधा दबलेली, अर्धवट उठलेली असते. कारण किनार वळवताना या बाजूला दाब द्यायला धातूच नव्हता. कापाजवळची अक्षरं कडेकडे पसरून पातळ होतात. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापल्यागत थांबतं आणि कडेवर भिंगाखाली समांतर रेघा दिसतात. दागिन्यात वापरलेल्या नाण्याच्या कडेवर डाख दिल्याचा डागही राहतो. तोही खोट म्हणून खपवला जातो.

भोकाच्या पैशाचं भोक ठसा पडण्याआधीच पाडलेलं असे. सरकलेलं भोक खरं असेल तर त्याच्या काठाशी ठशाच्या दाबाने धातू जरासा वळलेला दिसतो. नंतर ड्रिल मारलं असेल तर काठ धारदार, बुरा उठलेला आणि नक्षी सरळ छेदलेली.

सगळ्यात जास्त भाव ‘लाखी’ नाण्याला, म्हणजे ब्रोकेजला. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोल उमटतं. खऱ्या पूर्ण लाखीत त्या दुसऱ्या बाजूच्या मूळ नक्षीचा मागमूस नसतो. शिकंज्यात दोन नाणी दाबून केलेल्या बनावट नाण्यात मूळ अक्षरांची चपटी सावली भिंगाखाली हटकून सापडते.

दुहेरी दिसणाऱ्या तारखेवर भाळू नका. दुसरी रेघ चपटी, पायरीसारखी असेल तर सैल डायने ती ओढली आहे. तिला वेगळी किंमत नाही. दोन्ही आकडे गोलसर, पूर्ण उंचीचे आणि टोकाशी फाटा फुटलेले असतील तरच पुढे तपासा.

डाय फिरल्याची खोट पाहायला जॉर्जचा पाव आणा किंवा नया पैसा वर-खाली चिमटीत धरून फिरवा. मागची बाजू सरळ यायला हवी. दहा-पंधरा अंशांचा फरक सोडून द्या, 90 किंवा 180 अंश असेल तर नाणं जपून ठेवा.