मोनार्कसाठी अंगणात मिल्कवीड कसं लावावं

लहानपणी शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं आणायला आम्हाला गावाबाहेर पिटाळायचे. पान उलटलं की कधीकधी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडायची. तिला तिथेच सोडून आम्ही शेजारचं पान तोडायचो. न्यू जर्सीत राहायला आल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या रानात मला तीच अळी दिसली, निदान तेव्हा तसं वाटलं. झाड रुईचं नव्हतं, पण मोडलेल्या पानातून तोच पांढरा चीक येत होता.

झाड होतं मिल्कवीड आणि अळी मोनार्क फुलपाखराची. रुईवर वाढतं ते प्लेन टायगर. दोन्ही फुलपाखरं डॅनॉस या एकाच प्रजातीतली, आणि रुई व मिल्कवीडही एकाच कुळातल्या. प्लेन टायगरच्या अळीला शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात, मोनार्कच्या अळीला दोन. चिकातलं विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या आणि पुढे फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण मोनार्कची अळी मिल्कवीडखेरीज दुसरं काही खात नाही. मिल्कवीड नसेल तिथे मोनार्कची पिढी वाढत नाही.

अमेरिकेच्या पूर्व भागातले आणि कॅनडातले मोनार्क हिवाळा मेक्सिकोत काढतात, मिचोआकान आणि देशाच्याच नावाचं मेक्सिको या राज्यांतल्या सुमारे ३,००० मीटर उंचीवरच्या ओयामेल वृक्षांच्या जंगलात. तिथे एकेक फुलपाखरू मोजता येत नाही, त्यांनी किती जंगल व्यापलं ते मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांच्या वर होतं, २०२३-२४ मध्ये ०.९ हेक्टर आणि २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टर. मेक्सिकोतली वृक्षतोड आणि बिघडलेलं हवामान यांचा त्यात वाटा आहेच. पण अमेरिकेतल्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात तणनाशक सोसणारी वाणं आली आणि शेतांतलं मिल्कवीड साफ झालं, हा घाव फार मोठा. तो थोडाफार भरून काढणं आपल्या अंगणात जमतं.

जात निवडा, पण हळदीकुंकू नको

आपली माणसं नेमकी इथे चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. रोपवाटिकेत लाल-पिवळ्या फुलांचं एक देखणं मिल्कवीड मिळतं. ते आपल्या ओळखीचं असतं, कारण गावाकडे त्यालाच हळदीकुंकू म्हणतात. इथे त्याचं नाव ट्रॉपिकल मिल्कवीड. ते उष्ण कटिबंधातलं आहे. टेक्सासचा किनारा किंवा फ्लोरिडा अशा उबदार भागांत ते हिवाळ्यातही हिरवं राहतं. त्यामुळे काही मोनार्क मेक्सिकोला न जाता तिथेच अंडी घालत राहतात. शिवाय ‘ओई’ नावाच्या परजीवीचे बीजाणू त्याच त्या पानांवर साठत जातात. ती पानं खाऊन वाढलेली फुलपाखरं दुबळी होतात, काहींचे पंख कोषातून निघताना उलगडतच नाहीत. देशी, म्हणजे अमेरिकेतलंच मूळचं, मिल्कवीड थंडीत जमिनीपर्यंत वाळतं आणि त्याच्याबरोबर जुने बीजाणूही जातात. घरी हळदीकुंकू आधीच लावलेलं असेल आणि तुम्ही दक्षिणेत असाल, तर ऑक्टोबरमध्ये ते बुडापासून छाटा आणि हिवाळाभर फुटवा आला की पुन्हा छाटा. पुढच्या वर्षी त्या जागी तुमच्या राज्यातली देशी जात लावा.

आमच्यासारख्या ईशान्येकडच्या किंवा शिकागोच्या बाजूच्या लोकांना तीन जाती पुरतात. जमीन ओलसर, चिकणमातीची असेल तर स्वॅम्प मिल्कवीड. ते झुडपासारखं एका जागी राहतं, म्हणून लहान अंगणाला मी तेच सुचवते. कोरड्या, भरपूर उन्हाच्या जागी नारिंगी फुलांचं बटरफ्लाय वीड. जागा ऐसपैस असेल तरच कॉमन मिल्कवीड, कारण ते जमिनीखालून मुळं पसरवत वाफ्याबाहेर पडतं.

कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी. तिथले मोनार्क समुद्रकिनाऱ्यावरच्या झाडांवर हिवाळा काढतात. त्या मुक्कामांच्या जवळपास राहत असाल तर मिल्कवीड लावू नका, फक्त मधाची फुलझाडं लावा.

बियांना थंडी द्या

देशी मिल्कवीडच्या बहुतेक जातींचं बी थंडी सोसल्याशिवाय नीट रुजत नाही. सोपा मार्ग म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी वाफ्यात पेरून वर पातळ माती टाकायची. बाकीचं बर्फ करतो. दुसरा मार्ग फ्रीजचा. बी ओल्या कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत बंद करा. मटकीला मोड आणताना फडकं ठेवतो तितपतच ओल हवी. महाशिवरात्रीच्या सुमारास फ्रीजमध्ये ठेवलं की गुढीपाडव्यापर्यंत महिना भरतो. मग लहान कुंड्यांत पेरा आणि दव गोठणं संपल्यावर, आमच्याकडे मेच्या मध्यानंतर, रोपं बाहेर लावा. मुळं खोल जातात, त्यामुळे एकदा लावलेलं रोप हलवू नका. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तरी काळजी नको.

तयार रोप घेणार असाल तर विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, यावर कीटकनाशक मारलंय का? माझ्या पहिल्या वर्षी आणलेलं रोप टवटवीत होतं, एका पानावर छिद्र नव्हतं. त्यावर आलेल्या अळ्या दोन दिवसांत काळ्या पडून मेल्या. झाडात मुरणारी औषधं धुऊन जात नाहीत. उत्तर गोलमाल आलं तर रोप घेऊ नका.

जागेला दिवसाचं निदान सहा तास ऊन हवं. एकच रोप लावू नका, पाच-सहा तरी लावा, नाहीतर दोन मोठ्या अळ्या चार दिवसांत सगळी पानं संपवतील. आणि चिकाचा हात डोळ्याला लावू नका. रुईच्या वेळी आजीने घातलेली तंबी इथेही लागू आहे.

पानं उलटून बघा

आमच्याकडे मेअखेर-जूनपासून मादी येऊ लागते. ती पानाखाली एकेकटं अंडं घालते. अंडं टाचणीच्या डोक्याएवढं, दुधाळ, उभ्या रेघांचं असतं. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते, दोन आठवड्यांत पाचव्या अवस्थेपर्यंत पोचते आणि एक दिवस झाडावरून गायब होते. घाबरू नका. कोषासाठी ती दूर जाते, कुंपणावर, खुर्चीखाली, कुठेही. तिथे आकड्यासारखी वळून उलटी लटकते. कोष हिरव्या चुड्याच्या रंगाचा, वर सोनेरी ठिपके. दहा-बारा दिवसांनी तो पारदर्शक झाला आणि आतले नारिंगी पंख दिसू लागले की त्या दिवशी कामावर उशिरा जा.

शंभर अंड्यांतून फुलपाखरं होतात ती पाच-दहाच. कोळी, मुंग्या, परजीवी माश्या बाकीच्यांना खातात. म्हणून अळ्या घरात आणून वाढवायचा मोह होतो, मलाही झाला होता. मुलांना दाखवायला एखाद-दुसरी ठीक आहे, पण जाळीत डझनांनी वाढवू नका. गर्दीत रोग पसरतो, आणि बंदिस्त वाढलेल्या फुलपाखरांची दक्षिणेकडे उडण्याची दिशा चुकू शकते असं प्रयोगांत दिसलं आहे.

देठांवर पिवळा मावा येईल, रुईवर येतो तोच. अंडी-अळ्या नाहीत ना ते पाहून पाण्याची धार मारा किंवा बोटांनी चिरडा. साबणाचं पाणीसुद्धा फवारू नका.

शरदातली फुलं

हे बहुतेक जण विसरतात. उन्हाळ्यातलं मोनार्क दोन ते पाच आठवडे जगतं. पण ऑगस्टअखेर जन्मणारी पिढी निराळी असते. दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की ती अंडी घालणं पुढे ढकलते, आठ-नऊ महिने जगते आणि कधी न पाहिलेल्या जंगलाकडे निघते. ज्यांनी ते जंगल सोडलं ते तिचे पणजोबा-खापरपणजोबा. या प्रवासाला मध लागतो. म्हणून मिल्कवीडच्या शेजारी गोल्डनरॉड आणि देशी अ‍ॅस्टर लावाच. ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलतात, म्हणजे गणपती आणि पितृपंधरवड्याच्या दिवसांत. मोनार्क मेक्सिकोत पोचतात ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तिथल्या मृतांच्या सणाच्या सुमारास. परतून आलेले ते पूर्वजांचे आत्मे, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे.

दिसलेल्या मोनार्कची नोंद ‘जर्नी नॉर्थ’ या संकेतस्थळावर करा. कॅन्सस विद्यापीठातलं ‘मोनार्क वॉच’ शरदात मोनार्कच्या पंखावर, ते कुठवर गेलं हे कळावं म्हणून, लावायच्या छोट्या चिकट्या विकतं. मुलांबरोबर ते काम जरूर करा. मागच्या पंखाच्या शिरेवर काळा ठिपका असेल तर नर, नसेल तर मादी, हेही लिहून ठेवायचं असतं.

ऑक्टोबरमध्ये शेंगा तपकिरी होऊन उकलायला लागल्या की वाऱ्याआधी त्या तोडा, म्हाताऱ्या झटकून बी कागदी पाकिटात भरा. माझी पाकिटं मी मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात फराळाच्या टेबलाशी ठेवते. नोव्हेंबर पेरणीचाच महिना असतो.