नवा प्रोसेसर घेताय? जुनी फाईल सोबत न्या

पुण्याच्या तापकीर गल्लीत लॅपटॉपची चौकशी केली की दुकानदार आधी कोअर सांगतो, म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे भाग किती ते, मग मोबाईलवर वेगाचा आलेख दाखवतो. नवा प्रोसेसर अर्थातच सगळ्यात वर. अशा वेळी लगेच मान डोलावू नका.

आधी आलेखाखालची बारीक अक्षरं वाचा. आकडा एका कोअरचा की सगळ्यांचा? चार्जर लावलेला होता? चाचणी कंपनीनेच घेतली असेल तर 'आपला तो बाब्या' हे गृहीत धरा. २०२४ मध्ये वेगाच्या चाचण्या ठरवणाऱ्या स्पेक या संस्थेने इंटेल प्रोसेसरचे २६००हून अधिक निकाल अमान्य ठरवले. इंटेलच्या कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्पेकच्या एका ठरावीक चाचणीपुरतीच फायद्याची युक्ती होती. बाकीच्या सॉफ्टवेअरला तिचा काय उपयोग?

आता तुमचं रोजचं काम. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकांची जुळणी करणाऱ्या एखाद्याकडे अजून पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर असेल, तर त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची आहे. तेव्हा घरगुती संगणकाला एकच कोअर असे. त्यामुळे सोळा कोअरपैकी पंधरा बसून राहणार. अशांनी एका कोअरचाच आकडा पाहावा. स्नॅपड्रॅगन या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा विंडोज लॅपटॉप असेल तर आणखी जपून. जुने प्रोग्रॅम त्यावर इम्युलेशनने, म्हणजे जुन्या प्रोसेसरची नक्कल करून, चालतात, बरेचसे बरे चालतात. पण जोडलेलं उपकरण चालवणारा ड्रायव्हर मात्र खास त्या प्रोसेसरसाठी लिहिलेलाच लागतो. सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्यासाठी यूएसबीत लावायची किल्ली) लागत असेल आणि त्याचा तसा ड्रायव्हर नसेल, तर वेग मोजायची वेळच येणार नाही.

चाचणी स्वतः घ्या. सगळ्यात जड फाईल पेनड्राइव्हवर घ्या: चारशे पानांचं पुस्तक, वर्षभराची एक्सेल, जे असेल ते. घरच्या मशीनवर ती उघडायला आणि पीडीएफ करायला लागणारा वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजून लिहून ठेवा. दुकानात तीनदा तेच करा. पहिली वेळ वेगळी लिहा, कारण दुसऱ्यांदा फाईल बऱ्याचदा मेमरीतूनच येते. मग चार्जर काढून पुन्हा. शक्य असेल तर सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी लावा. पातळ लॅपटॉप तापला की वेग कुठवर उतरतो ते कळतं. एसी दुकानातला आकडा एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या ऑफिसात मिळेलच असं नाही.

नव्या प्रोसेसरवरही अन्याय नको. कधी कधी सॉफ्टवेअरच मागे असतं. इंटेलचा १९९५चा पेंटियम प्रो तेव्हाच्या नव्या ३२ बिट सॉफ्टवेअरवर जोरात होता, विंडोज ९५ मधल्या जुन्या पद्धतीच्या १६ बिट कोडवर मात्र रेंगाळायचा. २०२४ मध्ये एएमडीचा रायझन ९००० प्रोसेसर आला तेव्हा गेम्समधले आकडे पाहून लोक हिरमुसले. विंडोज ११च्या अपडेटनंतर वेग वाढला. गंमत म्हणजे त्याच अपडेटने आधीच्या रायझनचाही वाढला! म्हणून 'पुढच्या अपडेटला बघा' असं कोणी म्हणालं तर आज मोजलेल्या वेगाचेच पैसे द्या. अपडेट काही बिलावर लिहून मिळत नाही.

दुकानदार सॉफ्टवेअर टाकू देत नसेल, तर परतीची अट बिलावर लिहून घ्या. तेही जमत नसेल तर शेजारी दुसरं दुकान आहेच.