ठिबकच्या माहितीपत्रकातला ‘तो’ कसा काढला

जालन्याकडच्या मोसंबी बागांसाठी ठिबक संचाचं माहितीपत्रक होतं. प्रत्येक वाक्यात ‘शेतकरी फिल्टर धुतो, मग तो व्हॉल्व्ह उघडतो’. प्रत्यक्षात पाणी सोडणं, लॅटरल (ओळीतल्या बारीक नळ्या) धुणं ही कामं कितीतरी ठिकाणी बायाच करतात. पत्रक त्यांच्याशी बोलतच नव्हतं.

‘तो/ती’, ‘करतो/करते’ अशा तिरप्या रेघा घालू नका. उन्हात उभं राहून ते वाचवत नाही. कृती असेल तिथं सरळ आज्ञार्थ: ‘फिल्टर उघडा, जाळी धुवा.’ अट असेल तर ‘तो विसरला तर’ ऐवजी ‘विसरल्यास’. माणसाचा उल्लेख टळत नसेल तर अनेकवचनी विभक्ती घ्या: ‘ज्यांनी खत सोडलं, त्यांनी नंतर साधं पाणी सोडावं.’ त्यांनी, त्यांना, त्यांचं ही रूपं बाई-पुरुष दोघांना सारखीच. नुसतं आदरार्थी ‘ते’ मात्र चालत नाही, कारण बाईसाठी ‘त्या’ होतं.

मोबाइल ॲपवर ‘मी सूचना वाचतो’ हे बटण ‘मी सूचना वाचल्या आहेत’ केलं. इथं क्रियापद सूचनांच्या मागं जातं, वाचणाऱ्याच्या नाही.

‘तो’ शोधून सरसकट बदलू नका. ‘तोटी’ आणि ‘धुतो’ही त्यात सापडतात. शिवाय ‘व्हॉल्व्ह गळत असेल तर तो बदला’ यातला ‘तो’ वस्तूचा आहे, तो राहूच द्या. एकेक वाक्य वाचूनच ठरवावं लागतं. वरचं ‘शेतकरी बंधूंनो’ तेवढं आधी खोडा.