कॉफीचे यंत्र: घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

कॉफीचे यंत्र घ्यायचे ठरले की बहुतेक जण थेट किमती पाहू लागतात. त्याआधी घरातच बसून एक साधा हिशेब करावा. कॉफी पिणारे किती जण आहेत, ते दूध घालून पितात की कोरी, आणि सकाळच्या गडबडीत यंत्रापाशी उभे राहायला कोणाला किती मिनिटे सापडतात, एवढे ठरले की बाजारातली निम्मी यंत्रे आपोआप बाद होतात. मी हा हिशेब न करता एक महागडे एस्प्रेसो यंत्र, म्हणजे जोराच्या दाबाने थोडीशीच पण कडक कॉफी काढणारे यंत्र, घरी आणले होते. घरात माणसे चार, त्यांपैकी तिघांना दुधाची, जायफळाचा वास असलेली कॉफी लागते, आणि यंत्र एका वेळी एकच कप काढणार. दोन महिन्यांत ते ओट्यावरून माळ्यावर गेले आणि त्याच्या जागी स्टीलचा साधा फिल्टर आला, तो आजही तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. बरणीतली इन्स्टंट कॉफी ही आधीच अर्क काढून वाळवलेली असते. ती पाण्यात पूर्ण विरघळते, त्यामुळे तिला यंत्र लागत नाही आणि ती यंत्रात घालूही नये. यंत्राला लागते ती भाजलेल्या बियांची पूड. ही पूड विरघळत नाही, फक्त तिच्यातला अर्क गरम पाण्यात उतरतो. तो किती वेळात, किती गरम पाण्याने आणि किती दाबाखाली उतरवायचा, एवढाच काय तो या यंत्रायंत्रांतला फरक आहे.

दुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठी

ज्या घरात कॉफी म्हणजे दुधाचीच, तिथे दाक्षिणात्य फिल्टरपेक्षा चांगला पर्याय मला अजून दिसलेला नाही. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे, पूड दाबून धरायला छत्रीसारखी दांडीची चकती आणि एक झाकण, एवढेच त्याचे भाग. वीज लागत नाही, बिघडण्यासारखे काही नाही, आणि पूड रात्री भरून ठेवली तर सकाळी अर्क तयार मिळतो. या अर्कालाच सगळे डिकॉक्शन म्हणतात.

चार जणांसाठी ३० ग्रॅम पूड आणि २०० मिलिलिटर पाणी घ्यावे. वरचे भांडे अगदी कोरडे असावे, कारण ओलसर तळावर पूड चिकटून छिद्रे बुजतात. पूड घालून भांडे हलकेच ठोकावे म्हणजे ती सपाट बसते. मग चकतीने जेमतेम दाबावी आणि चकती तशीच आत राहू द्यावी. पाणी उकळले की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि आधी पूड भिजेल इतकेच पाणी चकतीवरून गोल फिरवत ओतावे. पूड ताजी असेल तर ती फुगते आणि तिच्यातून बारीक बुडबुडे येतात. भाजताना बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड त्या वेळी बाहेर पडत असतो. तो निघून गेल्यावर उरलेले पाणी ओतून झाकण लावावे. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली २०० नव्हे तर १४० मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन मिळते. एका कपाला ३५ मिलिलिटर डिकॉक्शन आणि १०० मिलिलिटर कडकडीत तापलेले दूध हे माझे प्रमाण आहे. डिकॉक्शन मात्र पुन्हा उकळू नये, त्याचा सुवास जातो आणि कडवटपणा तेवढा उरतो. जायफळ किसायचे असेल तर ते दुधात किसावे, पुडीत नव्हे.

थेंब पडायला १५ ते २० मिनिटे लागणे योग्य आहे. पाच मिनिटांत सगळे खाली आले, तर पूड जाड आहे किंवा ती दाबलीच गेली नाही. तासाभराने पाहावे तर पाणी वरच, असे झाले तर आधी वरचे भांडे किंचित उचलून पुन्हा ठेवावे. कधीकधी दोन भांडी इतकी घट्ट बसतात की खालच्या भांड्यातल्या हवेला वाट राहत नाही. त्यानेही काम झाले नाही, तर दोष पुडीच्या बारीकपणाचा किंवा बुजलेल्या छिद्रांचा असतो. छिद्रे मोकळी करण्यासाठी रिकामे, धुतलेले वरचे भांडे चिमट्यात धरून तळाच्या बाजूने गॅसच्या ज्योतीवर मिनिटभर तापवावे, म्हणजे अडकलेले कण जळून जातात. मग ते गार झाल्यावर ब्रशने घासावे.

या फिल्टरसाठी मिळणाऱ्या पुडीत बहुधा चिकोरी असते. चिकोरी हे भाजलेले मूळ आहे. त्यात कॅफीन नसते, पण अर्काला दाटपणा आणि काळसर रंग येतो, आणि पाणी पुडीतून सावकाश उतरते. मिश्रणात वजनाने किमान ५१ टक्के कॉफी असावी आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापलेले असावे, असा आपल्याकडचा नियम आहे, तेव्हा पाकीट उलटून ते प्रमाण जरूर वाचावे. दुधाच्या कॉफीला ८०:२० छान लागते. ६०:४०च्या पुढे मला तरी कॉफी कमी आणि जळका गूळ जास्त लागतो.

कोरी आणि कडक हवी असेल तर

इथे मोका पॉट कामाला येतो. इटलीतल्या पिडमाँट प्रांतात अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली बाजारात आणलेली ही अष्टकोनी अॅल्युमिनियमची किटली आजही जवळपास त्याच रूपात मिळते. खालच्या भागातले पाणी तापले की वाफेचा दाब पाण्याला मधल्या पुडीतून वर ढकलतो. हा दाब एक-दीड बारच्या आसपास असतो (बार हे दाब मोजण्याचे एकक). एस्प्रेसोला लागणाऱ्या ९ बारच्या तुलनेत तो फारच कमी असल्यामुळे मोका पॉटच्या कॉफीला एस्प्रेसो म्हणू नये, पण ती कागदी गाळणीतून काढलेल्या कॉफीपेक्षा कितीतरी कडक असते.

घेताना आकाराने फसगत होते. ‘तीन कप’ म्हणजे इटालियन पद्धतीचे चिमुकले तीन कप. एकूण कॉफी निघते ती १३० ते १५० मिलिलिटर, म्हणजे आपल्याकडचा एक मोठा कप. शिवाय मोका पॉट नेहमी पूर्ण भरूनच वापरायचा असतो, पुडीची वाटी अर्धी ठेवून चालत नाही. म्हणून एकट्यासाठी तीन कपांचा आणि दोघांसाठी सहा कपांचा घ्यावा. इंडक्शनची शेगडी असेल तर अॅल्युमिनियमचा चालणार नाही, तळाला चुंबक चिकटेल असा स्टीलचा बघावा. आपल्या गॅसच्या बर्नरवर लहान मोका पॉट नीट बसत नाही, कलंडतो, त्यासाठी भांड्यांच्या दुकानात मिळणारी छोटी लोखंडी जाळी आणावी.

खालच्या भागात आधीच गरम केलेले पाणी वाफेच्या झडपेच्या खालपर्यंतच भरावे. ही झडप सुरक्षेसाठी असते, ती पाण्याखाली बुडवू नये. वाटीत पूड काठोकाठ भरून बोटाने सपाट करावी, दाबू मात्र नये. काठावरचे कण पुसून, फडक्याने धरून दोन्ही भाग घट्ट पिळावेत आणि ज्योत इतकी बारीक ठेवावी की ती तळाच्या बाहेर येणार नाही. झाकण उघडे ठेवून बघत राहावे. आधी गडद, संथ धार येते, मग ती मधाच्या रंगाची होते. धार फुरफुरू लागली की लगेच उतरवून तळ ओल्या फडक्यावर टेकवावा, कारण त्यापुढे येते ती बहुतांशी वाफ आणि कडूपणा. नव्या मोका पॉटच्या पहिल्या दोन-तीन खेपा ओतून द्याव्यात. अॅल्युमिनियमचा असेल तर तो तारेच्या घासणीने घासू नये आणि डिशवॉशरमध्येही घालू नये, काळा पडतो.

फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याला जाळी लावलेले उभे भांडे, याबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. अर्ध्या लिटर पाण्याला ३० ग्रॅम जाडसर पूड घालून चार मिनिटे थांबावे, दांडा सावकाश खाली दाबावा आणि सगळी कॉफी लगेच ओतून घ्यावी. काच फुटते, म्हणून स्टीलचा घेतलेला बरा. एक मुद्दा मात्र ध्यानात ठेवावा. कागदातून न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक राहतो आणि तो रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतो. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे आणि जे दिवसात तीन-चार कप पितात, त्यांनी कागदी गाळणीचा मार्ग धरावा.

विजेची यंत्रे

कागदी गाळणीची कल्पना जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ यांची. १९०८ साली त्यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद छिद्रे पाडलेल्या पितळी भांड्यात घालून पहिली गाळणी केली होती. आजचे ड्रिप यंत्र तेच काम विजेवर करते. पाच-सहा जणांना कोरी किंवा थोडेसेच दूध घातलेली हलकी कॉफी लागत असेल तर ते सोयीचे आहे. प्रमाण एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड असे धरावे. निवडताना तापत्या तबकडीवरच्या काचेच्या भांड्याऐवजी थर्मासचे भांडे असलेले यंत्र पाहावे. तबकडीवर अर्धा तास राहिलेली कॉफी कोणालाही आवडत नाही. पाणी पुडीवर पडताना ९० ते ९६ अंश सेल्सिअस असायला हवे. स्वस्त यंत्रे इथेच कमी पडतात आणि कॉफी आंबट, पाणचट होते.

एस्प्रेसो यंत्राच्या खोक्यावर ‘१५ बार’, ‘२० बार’ असे ठळक छापलेले असते, त्याने भुलून जाऊ नये. तो पंपाचा कमाल दाब असतो, प्रत्यक्ष कॉफीला ९ बार पुरतात. विचारायचे ते हे, की पुडीची वाटी साध्या एका तळाची आहे की दुहेरी तळाची. दुहेरी तळाच्या वाटीत शेवटच्या एकाच बारीक छिद्रातून कॉफी जोराने येते, त्यामुळे पूड कशीही असली तरी फेस दिसतो. तयार पूड वापरणाऱ्यांना ती सोयीची आहे. साध्या वाटीतून मात्र १८ ग्रॅम पुडीपासून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी काढायची, तर चांगला ग्राइंडर, वजनकाटा आणि धीर, तिन्ही लागतात. ग्राइंडरसाठी पैसे उरत नसतील तर यंत्र स्वस्तातले घ्यावे किंवा घेऊच नये.

वॅट पाहूनच यंत्र घ्यावे. १३०० वॅटच्या पुढचे यंत्र लहान ६ अँपिअरच्या सॉकेटला लावू नये, त्याला जाड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट हवा. मिक्सर आणि मायक्रोवेव्ह जोडलेल्या एक्स्टेन्शनवर तर ते कधीच लावू नये. अमेरिकेतून येणारे नातेवाईक प्रेमाने यंत्र आणू म्हणतात, पण तिथली यंत्रे १२० व्होल्टची असतात. इथे त्यांना ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर चांगलाच वजनदार होतो. त्यांच्याकडून कॉफीच्या बिया मागवाव्यात, यंत्र नको. खरे तर बियाही नकोत. भारतातली सुमारे ७० टक्के कॉफी शेजारच्या कर्नाटकात पिकते आणि चिकमगळूर-कोडगूच्या ताज्या भाजलेल्या बिया आपल्याकडे चार दिवसांत पोचतात.

पूड आणि दळण

पाकिटावर मुदतीची तारीख नव्हे, भाजल्याची तारीख शोधावी. भाजल्यापासून महिन्याभरात संपेल एवढीच खरेदी करावी. मुंबईत माटुंग्याला डोळ्यांसमोर दळून मिळते, तिथे दुकानदाराला यंत्राचे नाव सांगितले की पुरते. घरी दळणाऱ्यांनी बोटांच्या चिमटीत पूड चोळून पाहावी. फ्रेंच प्रेससाठी ती लापशी रव्यासारखी, ड्रिपसाठी साध्या रव्यासारखी, दाक्षिणात्य फिल्टर आणि मोकासाठी बारीक रव्यासारखी, आणि एस्प्रेसोसाठी जवळजवळ पिठी साखरेसारखी, पण किंचित रवाळ लागायला हवी. मिक्सरमध्ये दळायचे तर थांबत थांबत दळावे, सलग फिरवल्यास पूड तापते. आणि मसाल्याचे भांडे वापरू नये. जिऱ्याच्या वासाची कॉफी मी एकदा पाहुण्यांना दिली आहे. त्यांनी ती मुकाट्याने प्यायली, पण दुसरा कप मागितला नाही.

पूड हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी. फ्रिजमध्ये रोज आत-बाहेर होणाऱ्या डब्यात दमटपणा शिरतो आणि शेजारच्या भाजीचा वासही. कोकणात पावसाळ्यात तर एकदम किलोभर घेण्याऐवजी १००-१०० ग्रॅमची पाकिटे आणावीत.

पाणी आणि साफसफाई

बोअरिंगचे जड पाणी विजेच्या यंत्राला सोसत नाही, आतल्या नळीत क्षार साचतात आणि पाणी उशिरा व अडखळत पडू लागते. असे दिसले की एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून ते ड्रिप यंत्रातून पुडीशिवाय चालवावे, मध्ये वीस मिनिटे थांबावे आणि मग साध्या पाण्याच्या दोन खेपा काढाव्यात. जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा, नाहीतर तीन महिन्यांतून एकदा हे पुरते. एस्प्रेसो यंत्रासाठी त्याच्या पुस्तिकेतलीच रीत पाळावी. दूध फेसण्याची वाफेची नळी वापरल्याबरोबर ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडावी, नाहीतर दूध आत वाळते आणि तिथून कुबट वास सुरू होतो. मोका पॉटची रबरी रिंग दर वर्षी पाहावी. ती कडक झाली किंवा सांध्यातून वाफ गळू लागली तर त्याच मापाची नवी रिंग आणावी, जुनीवर दोरा गुंडाळून भागवू नये.