सीक्रेट्स मॅनेजर निवडताय? आधी या चुका टाळा

सीक्रेट्स मॅनेजर म्हणजे ॲपचे पासवर्ड आणि कीज सुरक्षित ठेवणारं टूल. ते निवडायची वेळ आली की बहुतेक टीम फीचर्सचा तक्ता करत बसतात, पण माझ्या मते आधी एवढंच विचारा, की ॲपला त्या टूलमध्ये शिरायला जी पहिली किल्ली लागणार ती कुठे ठेवणार? डेटाबेसचा पासवर्ड व्हॉल्टमध्ये (हॅशिकॉर्पचा सीक्रेट्स मॅनेजर) आणि व्हॉल्टचं टोकन, म्हणजे आत शिरायचा पास, परत डॉट ईएनव्ही या साध्या टेक्स्ट फाईलमध्येच, असं मी कितीदा बघितलंय, मग टूल आणून मिळवलं काय? म्हणून एडब्ल्यूएसवर आयएएम रोल, कुबरनेटीसमध्ये (ॲप्सचे कंटेनर चालवणारी सिस्टीम) सर्व्हिस अकाउंट, गिटहब ॲक्शन्समध्ये ओआयडीसी, यातली प्लॅटफॉर्मकडूनच मिळणारी, वेगळी किल्ली न लागणारी जी ओळख तुमच्याकडे असेल ती जे टूल थेट स्वीकारतं तेच आधी बघा. सगळं एकाच क्लाउडवर असेल तर त्याच क्लाउडचा सीक्रेट्स मॅनेजर बहुतेक वेळा पुरतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे सांभाळायला माणूस नसताना व्हॉल्ट स्वतः चालवायला घेणं. टूल उत्तम आहे, पण सर्व्हर रीस्टार्ट झाला की ते सील (कुलूपबंद) होतं आणि डिफॉल्ट सेटअपमध्ये 5 पैकी 3 कीज जमवल्याशिवाय उघडत नाही. आमच्याकडे रात्री असंच झालं, दोन कीज मिळाल्या, तिसरी ज्याच्याकडे त्याचा फोन बंद, आणि सकाळपर्यंत नवीन एकही पॉड (कुबरनेटीसवर चालणारी ॲपची प्रत) उठला नाही. ऑटो अनसील, म्हणजे कुलूप आपोआप उघडायची सोय, पहिल्या दिवशीच लावा. ऑडिट लॉगच्या (कोणी काय मागितलं याची नोंद) डिस्कवरही लक्ष ठेवा, तो लॉग कुठेच लिहिता आला नाही तर व्हॉल्ट रिक्वेस्टना उत्तर देणंच थांबवतं. आणि हो, ऑगस्ट 2023 मध्ये त्याचं लायसन्स बदललंय, पूर्ण ओपन सोर्सच हवं असेल तर ओपनबाओ बघा.

ॲप मस्त चालू होतं आणि 32 दिवसांनी अचानक परमिशन डिनाइड? व्हॉल्टच्या टोकनची डिफॉल्ट कमाल मुदत 768 तास असते, त्यापुढे रिन्यू होत नाही, ॲपने नव्याने लॉगिनच करायला हवं. सुरुवातीपासूनच नकार येत असेल आणि केव्ही व्हर्जन 2 (व्हॉल्टमधला सीक्रेट्स साठवायचा एक प्रकार) वापरत असाल तर पॉलिसीच्या, म्हणजे परवानगीच्या नियमांच्या, पाथमध्ये ‘डेटा’ (data) हा शब्द लिहायचा राहून गेलाय का बघा, बहुतेकदा तिथंच घोळ असतो.

कुबरनेटीसचं सीक्रेट म्हणजे एन्क्रिप्शन असं धरून चालू नका, ते बेस64 आहे, म्हणजे तोच मजकूर फक्त वेगळ्या अक्षरांत लिहिलेला, कोणीही उलटं करून वाचू शकतं. एको कमांडने बेस64 केलं असेल तर पासवर्डच्या शेवटी न्यूलाईन (ओळ संपल्याचं न दिसणारं चिन्ह) चिकटते, दिसायला सगळं बरोबर आणि लॉगिन मात्र होत नाही, यात माझी अख्खी दुपार गेलीय.

रोटेशन, म्हणजे ठरावीक काळाने पासवर्ड आपोआप बदलणं, आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ॲप पासवर्ड फक्त सुरू होताना वाचत असेल तर बदलल्यावर पूलमधली (आधीच उघडून ठेवलेली) जुनी कनेक्शन्स चालत राहतात, एरर येतो तो नवीन कनेक्शन उघडताना, म्हणजे कधीकधी तासाभराने, आणि तोवर रोटेशन झालं होतं हे कोणाच्या डोक्यातही नसतं. टूल फायनल करायच्या आधी टेस्टमध्ये पासवर्ड बदला, जुनी कनेक्शन्स तोडा आणि रीस्टार्ट न करता ॲप परत जोडलं जातंय का ते स्वतः बघा.